टूल म्हणतं ओके, ऑडिट म्हणतं एनजी: टॉर्कचं रीडिंग जुळत नसेल तर आधी काय बघायचं

चाकण, रांजणगाव, वाळूज, कुठल्याही असेंब्ली लाइनवर जा, हा वाद ठरलेला. डीसी नटरनर, म्हणजे बोल्ट टाइट करणारं इलेक्ट्रिक टूल, त्याच्या कंट्रोलरवर हिरवा दिवा, ४८ एनएम (न्यूटन-मीटर, टॉर्क म्हणजे पिळायच्या जोराचं एकक), ओके. अर्ध्या तासाने क्वालिटीवाला डिजिटल रेंच घेऊन येतो, त्याच बोल्टला लावतो आणि ५४ येतात, नाहीतर ४१, म्हणजे एनजी, नॉट गुड. मग प्रॉडक्शन म्हणतं तुमचा रेंच खराब, क्वालिटी म्हणतं तुमचं टूल खराब, दोघांकडे कॅलिब्रेशन सर्टिफिकेट, दोन्हींची तारीख चालू, आणि शेवटी कोणीतरी वैतागून कंट्रोलरमधलं टार्गेट दोन-चार एनएमने वरखाली करून मोकळा होतो. काही दिवस बरं चालतं, मग बोल्टचा नवीन लॉट येतो आणि परत तीच बोंब.

टार्गेटला हात लावू नका, हे आधी सांगतो, बाकीचं मग. समजा एम१०चा ८.८ ग्रेडचा बोल्ट आहे. क्लॅम्प लोड, म्हणजे बोल्ट जॉइंट जेवढ्या जोराने दाबून धरतो तो, काढायचा तर टॉर्कला के आणि डाया यांच्या गुणाकाराने भागायचं, हे साधं गणित सगळ्यांना माहितीये, त्यात के म्हणजे घर्षणाचा सगळा हिशोब एका आकड्यात. कोरड्या बोल्टला के ०.२ धरला तर ४८ एनएमला क्लॅम्प लोड येतो २४ किलोन्यूटन. तोच बोल्ट थोडा तेलकट असला, के ०.१५ झाला, तर तेवढ्याच टॉर्कला ३२ किलोन्यूटन. या बोल्टचा प्रूफ लोड, म्हणजे कायमचा न ताणता जेवढा भार सोसतो तो, आहे ३३.७. म्हणजे ४८ला तेलकट बोल्ट आधीच काठावर उभा आहे, आणि ऑडिटवाल्याला खूश करायला तुम्ही टार्गेट ५४ केलंत की तो ३६ला गेला, प्रूफ लोडच्या पार. ऑडिट शीटवर सगळं हिरवं आणि बोल्ट ताणला गेलेला. उलट्या बाजूनेही तेच, टार्गेट कमी केलंत तर कोरडा बोल्ट ढिला राहतो आणि गाडी रस्त्यावर गेल्यावर कळतं.

आता मुद्दा असा की टूल जे मोजतं आणि ऑडिटचा रेंच जे मोजतो त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बऱ्याच वेळा दोघंही बरोबरच असतात. टूल मोजतं बोल्ट फिरत असतानाचा टॉर्क, म्हणजे डायनॅमिक. ऑडिट मोजतो थांबलेला बोल्ट परत हलवायला किती लागतं ते, म्हणजे रेसिड्युअल. थांबलेल्या बोल्टचं घर्षण फिरणाऱ्यापेक्षा जास्त असतं, त्यामुळे पहिला झटका वर जातो, मग बोल्ट हलला की आकडा खाली येतो आणि पुढे फिरवत राहिलात की परत चढायला लागतो. डिजिटल रेंच पीक मोडवर ठेवलेला असेल तर तो यातला कुठला आकडा धरून बसेल हे रेंच ओढणाऱ्या हातावर आहे. हळू ओढणारा, हललं की थांबणारा माणूस ५० आणेल, जोरात हिसका देणारा ५७ आणेल, बोल्ट तोच, रेंच तोच. सकाळच्या शिफ्टला रीडिंग जास्त आणि रात्रीच्या शिफ्टला कमी अशी तक्रार आली तर तापमान वगैरे शोधण्याआधी दोन्ही शिफ्टचा ऑडिटर एकच आहे का ते विचारा.

म्हणून ऑडिटची पद्धत आधी पक्की करा. घट्ट करायच्याच दिशेने ओढायचं, सोडायच्या दिशेने नाही, कारण सोडताना आकडा साधारणपणे कमीच येतो आणि त्याची टार्गेटशी तुलना करण्यात अर्थ नाही. रेंचमध्ये टॉर्क-अँगल ग्राफ मिळत असेल तर तोच वापरा: सुरुवातीला रेष सरळ चढते, तेव्हा बोल्ट हललेला नसतो, फक्त रेंच आणि सॉकेट पीळ खात असतात, मग एका जागी उतार बदलतो, तिथे बोल्ट हलला, तो आकडा घ्यायचा. ग्राफ नसेल तर बोल्टच्या डोक्यावरून पार्टपर्यंत मार्कर पेनने एक रेघ मारा, हळू ओढा आणि रेघ तुटलेली दिसली की थांबा. आणि टूलने टाइट केल्यानंतर किती वेळाने ऑडिट करायचा ती वेळही ठरवून टाका, कारण जॉइंट बसतो. बरंचसं बसणं पहिल्या काही क्षणातच होतं, पण गॅस्केट, रबर, रंग, प्लास्टिक मध्ये असेल तर पुढेही हळूहळू चालू राहतं, आणि पाच मिनिटांनी मोजलेलं आणि दुसऱ्या दिवशी मोजलेलं एकाच रकान्यात लिहिण्यात काही अर्थ नाही.

एवढं करून पण फरक राहिला तर मग खरी टेस्ट. टूल आणि सॉकेटच्या मध्ये रोटरी ट्रान्सड्यूसर, म्हणजे फिरता फिरता टॉर्क मोजणारा सेन्सर, लावा, आणि खऱ्या पार्टवर, खऱ्या बोल्टवर, खऱ्या स्पीडला टाइट करा. एकाच वेळी दोन आकडे मिळतात, कंट्रोलरचा आणि ट्रान्सड्यूसरचा, तोच बोल्ट तोच क्षण, वादाला जागाच नाही. असे पंचवीस-तीस रनडाउन, म्हणजे बोल्ट पूर्ण टाइट करायच्या फेऱ्या, घ्या, एकदोनवर निकाल देऊ नका. ट्रान्सड्यूसरची रेंज बघून घ्या, ५०० एनएमचा ट्रान्सड्यूसर ४८ एनएमला लावून एक टक्क्याची अपेक्षा करणं म्हणजे ट्रकच्या वजनकाट्यावर कोथिंबीर तोलणं. आणि त्याचं फिल्टर सेटिंग लिहून ठेवा. कंट्रोलरमध्ये एक फिल्टर आणि ट्रान्सड्यूसरच्या मीटरमध्ये दुसरा असेल तर कडक जॉइंटवर दोघांचे पीक वेगळे येणारच, जेवढा फिल्टर कमी हर्ट्झचा तेवढं पीक कापलं जातं.

या टेस्टला दोन्ही आकडे जुळले, म्हणजे फरक एकदोन टक्क्यात, तर टूल सोडून द्या. टूल बरोबर आहे. आता जॉइंटकडे बघायचं, आणि खरं सांगायचं तर माझ्या अनुभवात बहुतेक वेळा घोडं इथेच पेंड खातं. टॉर्कमधला साधारण ९० टक्के भाग घर्षणात जातो, निम्मा बोल्टच्या डोक्याखाली, चाळीसेक टक्के आट्यांमध्ये, आणि उरलेल्या दहाएक टक्क्यातून जॉइंट दाबला जातो. त्यामुळे डोक्याखाली काहीही बदललं की सगळं हललं. बोल्टचा व्हेंडर बदलला, साध्या झिंक प्लेटिंगवरून झिंक फ्लेक कोटिंगवर गेले, वॉशर आधी कडक होता आता मऊ येतोय, होलच्या कडेला बर, म्हणजे धातूची उरलेली धार, आहे, रिवर्कमध्ये तोच बोल्ट तिसऱ्यांदा वापरलाय, ऑपरेटरच्या ग्लोव्हजला ग्रीस आहे. यातलं एकही कंट्रोलरला दिसत नाही, त्याच्यासाठी ४८ म्हणजे ४८.

एका सप्लायरकडे हे फार जवळून बघायला मिळालं. ब्रॅकेटवर ऑडिट रोज कमी यायचा, ४०-४१, तेही फक्त एकाच बाजूच्या दोन बोल्टवर. टूल बदलून झालं, रेंच कॅलिब्रेशनला जाऊन आला, आकडा ढिम्म. शेवटी बोल्ट काढून डोक्याखालची जागा बघितली तर त्या बाजूला पावडर कोटिंग जाड होतं, आणि बोल्टच्या फ्लँजच्या मापाची एक बारीक गोल चीर पडलेली, रंगाची पापडी नखाने उचलली तर निघत होती. टाइट करताना रंगावर ४८ मिळायचे, टूल समाधानी, मग रंग दबत जायचा आणि क्लॅम्प लोड निघून जायचा. दुसऱ्या बाजूला कोटिंगच्या वेळी हुक अडकायचा म्हणून तिथे रंग पातळ होता, तिथे ऑडिट व्यवस्थित. उपाय काय, तर बोल्ट बसतो त्या जागेला कोटिंगच्या आधी मास्किंग. मास्किंगचा खर्च कोणी करायचा यावर जेवढ्या मीटिंगा झाल्या तेवढा वेळ कारण शोधायलाही लागला नव्हता, पण ते असो.

नायलॉक नट (आत नायलॉनची रिंग असलेला) किंवा आट्यांवर पॅच लावलेला बोल्ट असेल तर आणखी एक गोष्ट. नट बसायच्या आधी, मोकळा फिरत असतानाच तो काही टॉर्क खातो, त्याला प्रिव्हेलिंग टॉर्क म्हणतात. ८ एनएम तिथेच गेले तर ४८ मधले ४० जॉइंटला मिळाले. ड्रॉइंगवरचा आकडा हे धरून दिलाय की सोडून, डिझाइनवाल्याला विचारा, अंदाजाने जाऊ नका. चांगले कंट्रोलर रनडाउनमध्ये हा टॉर्क मोजून त्यावर भर घालू शकतात, फक्त ते सेटिंग कोणीतरी चालू करावं लागतं.

आता उलटी केस, टेस्टमध्ये दोन आकडे जुळलेच नाहीत. मग टूलमध्ये बघा. पहिला प्रश्न, या टूलच्या हेडमध्ये खरंच ट्रान्सड्यूसर आहे का. बरीचशी स्वस्त टूल्स आणि काही बॅटरीवाली टूल्स मोटरच्या करंटवरून टॉर्क काढतात, त्यात गिअरबॉक्स गरम झाला, ग्रीस पातळ झालं, अँगल हेडचे गिअर झिजले की करंट आणि बोल्टवरचा टॉर्क यांचं नातं बदलतं. सकाळी पहिल्या गाडीला एक आणि जेवणाच्या सुट्टीच्या आधी दुसरं असं येत असेल तर हाच संशय. दुसरा प्रश्न स्पीडचा. कडक जॉइंट, म्हणजे बसल्यापासून साधारण ३० अंशात टॉर्क पूर्ण होतो असा, तिथे टूल वेगात आलं की मोटर थांबेपर्यंत फिरणाऱ्या भागांचा वेग टॉर्क टार्गेटच्या पुढे ढकलतो. सॉफ्ट जॉइंट, जो बसल्यावर एकदोन आटे फिरतो, तिथे हा त्रास नसतो. म्हणून कडक जॉइंटला दोन स्टेप ठेवा, पहिली वेगात आणि शेवटची हळू, आणि एकाच प्रोग्रामवर दोन वेगळे जॉइंट चालवू नका. सायकल टाइम वाचवायला कोणीतरी शेवटच्या स्टेपचा आरपीएम वाढवून ठेवलाय का, ते कंट्रोलरच्या चेंज लॉगमध्ये बघा, तिथे बऱ्याच गमती सापडतात.

रिअॅक्शन बार, म्हणजे टूलचा उलटा झटका झेलणारी दांडी, तोही बघा. बार ऑपरेटरच्या हाताऐवजी फिक्श्चरला टेकायला हवा, आणि घासत, तिरका टेकला की टूलवर साइड लोड येतो आणि ट्रान्सड्यूसर तो थोडाफार टॉर्क म्हणून वाचतो. युनिव्हर्सल जॉइंट लावून तिरकं टाइट करत असाल तर टॉर्क अंशागणिक वरखाली होतो, शक्य असेल तर तो काढाच. सरळ एक्स्टेंशनबद्दल मात्र उगाच भीती आहे. हाताच्या रेंचने हळू ओढताना सरळ एक्स्टेंशनने टॉर्क कमी होत नाही, १०० मिमी असो की ३००. इम्पॅक्ट किंवा पल्स टूलला मात्र लांब एक्स्टेंशन ठोका पिऊन टाकतं, आणि अँगल मोजत असाल तर एक्स्टेंशनचा पीळही अँगलमध्ये धरला जातो.

क्रोफूट, म्हणजे रेंचच्या टोकाला लावायचा उघड्या तोंडाचा पाना, तो वेगळा. तो रेंचच्या पुढे सरळ लावला की रेंचची लांबी वाढते आणि टॉर्क खरंच वाढतो. हिशोब सोपा आहे: हवा तो टॉर्क गुणिले रेंचची लांबी, भागिले रेंच अधिक क्रोफूटची लांबी. रेंचची लांबी मुठीच्या मध्यापासून स्क्वेअर ड्राइव्हच्या मध्यापर्यंत घ्यायची. रेंच ४०० मिमी, क्रोफूट ५० मिमी, हवेत ९० एनएम, तर रेंच ८०वर सेट करा. हे न करता ९०वर ठेवलात तर बोल्टला १०१ बसतात. क्रोफूट रेंचला काटकोनात लावला तर फरक जवळपास नाही, आणि मधल्या कोनात लावला तर मधला काहीतरी, म्हणून एकतर सरळ किंवा काटकोन, तिसरा प्रकार ठेवूच नका. ब्रेक पाइपच्या नटवर हे फार होतं, कारण तिथे सॉकेट जातच नाही आणि ऑपरेटर जागा मिळेल तसा क्रोफूट फिरवून घेतो.

क्लिक रेंच, म्हणजे सेट केलेला टॉर्क आला की क्लिक करणारा हातरेंच, त्याबद्दल थोडक्यात. मुठीच्या मध्यावर धरा, हळू ओढा, क्लिक झाला की थांबा, डबल क्लिक म्हणजे खात्री नाही, जास्तीचा टॉर्क आहे. रेंजच्या खालच्या २० टक्क्यात वापरू नका. रात्रभर पडून असलेला रेंच पहिल्या एकदोन क्लिकला वेगळं दाखवू शकतो, मोजायच्या आधी कमाल सेटिंगला पाच वेळा क्लिक करून घ्या. काम झालं की सेटिंग रेंजच्या तळाला आणून ठेवा, तळाच्या खाली नको. टॉर्क रेंचचं स्टँडर्ड आहे आयएसओ ६७८९, त्यात १० एनएमच्या वरच्या नेहमीच्या क्लिक रेंचला ४ टक्के दोन्ही बाजूला मान्य आहेत, १० पर्यंत ६ टक्के, आणि वेगळी काही पद्धत ठरवलेली नसेल तर १२ महिने किंवा ५००० क्लिक यातलं जे आधी येईल तेव्हा परत कॅलिब्रेशन. लाइनवर ५००० क्लिक किती दिवसात होतात याचा हिशोब एकदा करून बघा, वर्षाच्या स्टिकरवर विश्वास उडेल.

आता कॅलिब्रेशनच्या टेबलावरचे घोळ, जे लाइनवर कोणाला दिसत नाहीत. जुन्या ड्रॉइंगवर टॉर्क केजीएममध्ये असतो. १ केजीएम म्हणजे ९.८०७ एनएम, लोक सरळ दहाने गुणतात आणि तिथेच दोन टक्के गेले. दुसरं, बार आणि वजनं लावून रेंच टेस्टर किंवा डायनोचा (इंजिनचा टॉर्क मोजायच्या यंत्राचा) आर्म कॅलिब्रेट करत असाल तर बार आडवा लेव्हलमध्ये हवा. १० अंश झुकला तर दीड टक्का टॉर्क कमी. तिसरं, गुरुत्वाकर्षण. पुस्तकातलं ९.८१ पुण्यात चालत नाही, विषुववृत्त जवळ, वर ५५०-६०० मीटर उंची, त्यामुळे इथे ते ९.७८४च्या आसपास आहे. फरक पाव टक्क्याच्या थोडा वर. क्लिक रेंचला याने काही होत नाही, पण ०.१ टक्का क्लासचा ट्रान्सड्यूसर तुम्ही वजनांनी तपासत असाल तर ही एकच चूक एररचं सगळं बजेट खाऊन टाकते. आणि एनएबीएलचं, म्हणजे मान्यताप्राप्त लॅबचं, सर्टिफिकेट आलं की फक्त "पास" बघून फाइलला लावू नका, ज्या टॉर्कला तुम्ही वापरता त्याच्या जवळच्या पॉइंटला एरर किती आणि अनसर्टन्टी किती ते वाचा. ४८ वापरताय आणि पॉइंट ४०, १२०, २०० असतील तर ४०ची ओळ बघायची.

टेस्ट बेंचवाल्यांची कहाणी थोडी वेगळी. तिथे बोल्ट नसतो, शाफ्ट असतो, आणि तक्रार असते झिरो सरकण्याची. लोड काढला तरी मीटर २-३ एनएम दाखवतोय. आधी कपलिंग सोडा आणि बघा. कपलिंग सोडल्यावर झिरो परत आला तर ट्रान्सड्यूसरचा दोष नाही, अलाइनमेंट चुकलंय आणि कपलिंग त्याला वाकवतंय. सोडूनही झिरो सरकलेलाच असेल तर बहुधा कधीतरी ओव्हरलोड झालाय, मीटर नुसता झिरो करून पुढे जाऊ नका, शंट कॅलिब्रेशन (ठरलेला रेझिस्टर जोडून आकडा बरोबर येतो का बघणं) घ्या आणि शंका राहिली तर लॅबला पाठवा. आकडा नाचत असेल आणि बाजूचा ड्राइव्ह बंद केल्यावर नाचायचा थांबला तर सिग्नलची केबल पॉवर केबलच्याच ट्रेमधून गेलीये, ती वेगळी करा आणि शील्ड एकाच टोकाला अर्थ करा. चार सिलिंडरच्या इंजिनवर मात्र नाचणं खरंही असतं, ३००० आरपीएमला सेकंदाला १०० फायरिंग होतात आणि टॉर्क तेवढ्या वेळा वरखाली होतो. तिथे पूर्ण सायकल मोजून सरासरी घ्या.

टूलच्या सर्व्हिसवाल्याला बोलवायच्या आधी एवढं हाताशी ठेवा, नाहीतर तो येऊन टूल जिग टेस्टरवर लावेल, ओके म्हणेल आणि जाईल: त्याच जॉइंटवरचे पंचवीस-तीस रनडाउन, कंट्रोलर आणि ट्रान्सड्यूसर दोघांचे आकडे शेजारी शेजारी, निदान एका चांगल्या आणि एका वाईट रनडाउनचा टॉर्क-अँगल ग्राफ, बोल्ट आणि वॉशरचा लॉट नंबर, ऑडिट किती वेळाने आणि कोणी केला, आणि शेवटच्या स्टेपचा आरपीएम. दोन्ही ग्राफ एकावर एक ठेवले आणि रेषेचा उतारच वेगळा दिसला, तर सर्व्हिसवाल्याला बोलवायचीही गरज नाही, बोल्टवाल्याला बोलवा.